जळकोटचा समुद्र

मार्तंडराव मास्तर पंधरा दिवस हवेत होते. हैदराबाद संस्थानातल्या नांदेडच्या सरकारी शाळेत उर्दूतून विज्ञान शिकवणारा हा चाळिशीतला गृहस्थ, आणि त्याला चक्क समुद्र सापडला होता. तोही जळकोटला, जिथे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची मारामार.

झालं होतं असं. जळकोटची त्यांची वडिलोपार्जित जमीन अण्णाराव कसत असे. बांध नीट करताना त्याची पहार एका काळ्या गोट्यावर बसली आणि गोटा फुटला. एका अर्ध्याचा चुरा झाला, दुसरा दस्तीत बांधून त्याने नांदेड गाठलं.

"मास्तर, दगडाच्या पोटात गोगलगाय हाय बघा. लई जुनी दिसती."

मास्तर बघतच राहिले. आत शंखाचं वेटोळं होतं, कप्प्याकप्प्यांचं. शाळेतल्या एकुलत्या एक जाड पुस्तकात चित्र सापडलं: अमोनाइट, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्री जीव. आता हा सगळा मुलूख लाव्ह्याच्या दगडावर बसलेला, इथे समुद्रातला जीव आला कुठून? म्हणजे इथे कधीतरी समुद्र होता, आणि हे जगात एकट्या मार्तंडरावांना कळलं होतं! त्यांनी जळकोटला जाऊन जागा मोजली आणि तहानभूक विसरून मजमून, म्हणजे निबंध, लिहिला. गोट्याची पाठ गुळगुळीत का, तर लाटांनी घासली म्हणून, असंही ठोकून दिलं. हा मजमून हैदराबादच्या विद्वानांपुढे वाचायचा होता. पसंत पडला तर तिथल्या कॉलेजात जागा, खोटा ठरला तर जन्मभर नांदेडात पोरांकडून चेष्टा.

निघायच्या सकाळी आई, गोदावरीबाई, देवांची भांडी घासत बसल्या होत्या. मास्तर पाया पडायला गेले आणि कौतुकाने त्यांनी दस्तीची गाठ सोडली. इतके दिवस दगड आईला दाखवायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. बाईमाणसाला यातलं काय कळतंय, हा शहाण्यांचा नेहमीचा समज. लाटांचं सगळं त्यांनी घडाघडा सांगितलं.

गोदावरीबाईंनी वेटोळ्याकडे पाहिलंच नाही. दगड पालथा करून त्यांनी पाठीवरून अंगठा फिरवला. मग त्या उठल्या. देवघरात चांदीची एक छोटी बैठक होती, मास्तरांना आठवतं तेव्हापासून रिकामी. तिला रोज फूल वाहायचं आणि का ते विचारायचं नाही, अशी घरातली रीत. आईंनी दगड तिच्यावर ठेवला. तो अगदी चपखल बसला.

"हा आपला शाळिग्राम आहे, मार्तंडा. तुझ्या पणजोबांनी काशीहून आणलेला, गंडकी नदीतला. लाटा कुठल्या, तीन पिढ्यांचे हात फिरलेत याच्यावर."

जळकोटचा समुद्र उभ्या उभ्या आटला होता.

"पण शाळिग्राम तर बापूकाकांनी चोरून विकला ना?"

घरात हेच सांगत आले होते. शाळिग्रामाला बाईने शिवायचं नाही; शिवायचे ते दोघे भाऊच, सोवळ्यात. म्हणून तो नाहीसा झाला तेव्हा मास्तरांच्या वडिलांनी, रेणुकादासांनी, धाकट्या भावावर आळ घेतला आणि त्याला घराबाहेर काढलं. बापूसाहेब धर्माबादला गेले ते पस्तीस वर्षं परतले नाहीत.

"मी पुरला," आई म्हणाल्या. "तेव्हा आपण जळकोटलाच राहत होतो." "तुझी बहीण सौदामिनी पटकीने तडफडत होती आणि हे याच्यापुढे बसले होते. मला याला हात लावू देत नव्हते. पोर गेली. सुतकात देव्हाऱ्यापाशी कुणी येत नव्हतं, तेव्हा रागाने याला उचलून शेतात गाडला. बाईने शिवला असेल, असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. भाऊजींवर आळ आला तेव्हा बोलायला हवं होतं. धीर झाला नाही."

"आज गप्प राहिली असतीस तर?"

"तर तूही माझ्यापायी खोटा ठरला असतास. एक माणूस पुरे झाला."

मास्तर गाडीत बसले. खिशात हैदराबादचं तिकीट, मांडीवर मजमून आणि दस्तीत बांधलेला दगड. वाचला असता तर कुणाला कळणार होतं? धर्माबाद आलं तसे ते उतरले आणि गाडी हैदराबादकडे निघून गेली.

बापूसाहेब धान्याच्या मोंढ्यामागे एका खोलीत राहत होते. मास्तरांनी नाव सांगितलं आणि दगड समोर ठेवला. म्हाताऱ्याने तो बराच वेळ न्याहाळला.

"वहिनी गेल्या का रे?"

"नाही. तिनंच सांगितलं."

"त्या असेपर्यंत हा वर यायला नको होता."

मास्तरांना आपल्या कानांवर विश्वास बसेना. "काका, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी पलीकडच्या बांधावर होतो. त्यांनी मला पाहिलं नाही." काका शांतपणे म्हणाले. "दादा लई कडक. वहिनींना घराबाहेर काढलं असतं, आणि तू पाच वर्षांचा. मी काय, एकटा जीव. कुठंही राहिलो असतो."

ज्या पोराची आई राहावी म्हणून या माणसाने पस्तीस वर्षं चोर म्हणवून घेतलं, तेच पोर त्याला आजवर चोर म्हणत आलं होतं. ते वाकले आणि काकांच्या पायांवरचं डोकं त्यांना बराच वेळ उचलता आलं नाही.