स्थळ : आपला मोबाईल

देवरावने आयुष्यात दोनच कामं मन लावून केली. तीस वर्षं एका नाटक मंडळीचा प्रचार केला आणि साठी उलटल्यावर त्या मंडळीवर पुस्तक लिहिलं. छापायला कोणी पुढे येईना, तेव्हा नात पुनम म्हणाली, आबाजी, ई-बुक करू, आपणच प्रकाशक. नागभीडच्या कॉलेजात शिकणाऱ्या त्या पोरीने तीन महिने खपून त्याची वही टाइप केली.

वहीभर इसरूच होता. इसरू पोंभुर्ण्याकडचा ढिवर. एरवी तलावात जाळं टाकायचा, पण दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे दिवस आले की लुगडं नेसून नायिका व्हायचा. पदर कसा सावरावा ते बायांनी त्याच्याकडून शिकावं, असा. आणि आवाज? तो गायला लागला की चहावाला स्टोव्ह बारीक करायचा. देवराव सायकलच्या दांडीला भोंगा बांधून, मागे बॅटरी लादून बाजारोबाजारी ओरडत फिरायचा. दुपारपासूनच लोक पोती अंथरून जागा धरायचे. घरोघरी पाहुणे, चुलीवर वडे, माहेरी आलेल्या लेकी. ज्या गावात नाटक, त्या गावाला पाहुण्यांचं जेवण आलंच. काय दिवस होते! ते लिहिताना देवरावचे डोळे कितीदा तरी भरून आले.

एक पान मात्र त्याला बोचत होतं. त्यात त्याने लिहिलं होतं की एटापल्लीच्या प्रयोगानंतर इसरूने आपल्या मर्जीने गाणं सोडलं. ते खोटं होतं. खरं काय ते आता आपल्या एकट्यालाच ठाऊक, असं देवराव धरून चालला होता. इसरूला जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याची बायको देवकाबाई, तिला अक्षरओळख नाही. मोबाईलमधलं पुस्तक ती कशाला वाचते? चोराच्या मनात चांदणं असतं, तसं देवरावचं झालं होतं.

पुस्तक रविवारी दुपारी तीनला साइटवर चढवायचं ठरलं. जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर नि फेसबुकवर. पुनम म्हणाली, दोन ओळी पुरे. पण जित्याची खोड ती. देवरावने नाटकाचं पत्रक लिहावं तसाच मजकूर लिहिला. वर आपलं नाव आणि गाव, मु. पो. बोडीटोला. मग ‘रसिक मायबापहो, येत्या रविवारी दुपारी ठीक तीन वाजता, झाडीपट्टीत प्रथमच आपल्या भेटीला, लुगड्यातला इसरू’. मग पंधरा ओळी कौतुक. आणि अगदी तळाशी, ‘स्थळ : आपला मोबाईल’. लांब मजकूर व्हॉट्सअ‍ॅप अर्धाच दाखवतं. बोट लावून पुढचं उघडायची तसदी कोण घेतो? मजकूर गावोगावच्या ग्रुपवर फिरला, तळ कोणी पाहिलाच नाही. पुस्तकाचं नाव ते नाटकाचं आणि वरचं गाव ते प्रयोगाचं, असं सगळ्यांनी धरलं.

रविवारी सकाळच्या बसने पहिले पाहुणे उतरले. दुसऱ्या बसने लेकी-जावई आले. दुपारपर्यंत बोडीटोल्यात घरोघरी भाताची मोठी गंजं चढली आणि मारुतीच्या पटांगणात पोती अंथरली गेली. स्टेज कुठे, पडदा कुठे, म्हणून लोक विचारायला लागले, तेव्हा देवरावच्या तोंडचं पाणी पळालं. पुनमला हसू आवरेना. तिने त्याच्या हातात वही दिली आणि मारुतीच्या पारावर वाचायला बसवलं.

लोक आधी कुरकुरले, मग रमले. भोंगा, सायकल, पोती, सगळ्यांचंच होतं ते. देवराव रंगात आला आणि मान वर केली, तर पुढच्याच पोत्यावर देवकाबाई. तिच्या सुनेने, मयुरीने, तिला मोबाईलवरचं इसरूचं नाव वाचून दाखवलं होतं. पहाटे निघून तीन गाड्या बदलून आली होती म्हातारी.

पुढचं पान एटापल्लीचं होतं. देवराव थांबला. ते खोटं त्याच्याने तिच्यासमोर वाचवेना. त्याने वही मिटली आणि खरं काय ते सांगून टाकलं. त्या दिवशी इसरूचा घसा सुजला होता, अंगात ताप होता. तो हात जोडून नको म्हणत होता. आणि आपण म्हणालो, सात गावांत ओरडून आलो, आता कोणतं तोंड दाखवू? इसरू गायला. सगळी गाणी गायला. त्यानंतर त्याचा आवाज फाटला तो कायमचा.

देवकाबाईने डोक्यावरचा पदर नीट केला.

“मले मालूम हाये, भाऊ,” ती म्हणाली. “तेनंच सांगतलं होतं, फाटक्या आवाजात. म्हणे, आवाज गेला नाई देवके, एटापल्लीच्या लोकायपाशी ठेवून आलो. तुमचा राग नोहता त्याले. एकच बोले, देवराव मंग घरी काऊन नाई आला. अठरा वर्सं वाट पाह्यली तेनं.”

जन्मभर भोंग्यातून ओरडलेला देवराव खाली उतरला आणि तिच्या पोत्यावर जाऊन बसला. दोघं म्हातारी पोरांसारखी रडली, लाजली नाहीत.

तीन कधीच वाजून गेले होते. पुनमने मोबाईल आणून हळूच विचारलं, पुस्तक चढवायचं का, की ते पान बदलायचं?

“थांब,” देवराव म्हणाला. “एक नाई, दोन पानं लिहा लागतीन. मी गेलो नाई, तेबी लिहा लागते.”