भरल्या बार्जीच्या आड

डिचोलीच्या बाजारात सुमंगलाबाय केणींच्या छापखान्याला पाटी नव्हती आणि ती नसल्याने कुणाचं अडतही नव्हतं. बावीस वर्षांत त्या बाईने एक पत्रिका उशिरा दिलेली नव्हती. लग्नाची असो, मुंजीची असो, नाटकाची हँडबिलं असोत, तिने "परवा दहाला" म्हटलं की परवा दहाला. तुम्हीच साडेदहाला पोचलात तर उलट चार शब्द ऐकून घ्यायचे. अशा बाईने अठ्ठ्याऐंशी सालच्या चतुर्थीला आपला शब्द मोडला, तोही भर बाजारात, स्वतःच्या हाताने. त्याचीच ही गोष्ट.

मुळात उद्योग तिच्या थोरल्या भावाचा. कृष्णनाथ वीस वर्षं खाणीच्या ऑफिसात नकाशे काढत होता. निवृत्त झाल्यावर माणूस स्वस्थ बसेल तर शपथ. त्याने पुठ्ठ्यावर एक खेळ मांडला, नाव ठेवलं 'डोंगर ते धक्का'. चौघांनी खेळायचं, आपापले ट्रक खाणीवरून सारमानसच्या धक्क्यावर न्यायचे, दुसऱ्याचा रस्ता अडवायचा, आपला मोकळा ठेवायचा. फासे नाहीत, नशीब नाही, सगळं डोकं. सुमंगलाबायने तो छापला आणि सत्त्याऐंशीच्या चतुर्थीला बाजारात आणला.

चतुर्थीला आमच्याकडे घरं कशी भरतात ते ठाऊक आहेच. मुंबईचे, पुण्याचे, बेळगावचे सगळे गणपतीला घरी. आरती झाली, पातोळ्या खाल्ल्या, मग पाच दिवस करायचं काय? पत्ते. त्या वर्षी मात्र घरोघरी पत्ते कपाटात राहिले. राजभाषेचा कायदा झाला होता, गोव्याचं राज्यही झालं होतं, पण मराठी की कोंकणी यावरून अर्धा बाजार अर्ध्या बाजाराशी बोलत नव्हता. सुमंगलाबायने नियमांचा कागद एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला कोंकणीत छापला, आणि न बोलणारी माणसं एका पटाभोवती मांडीला मांडी लावून बसली. याचा तिला फार अभिमान होता, आणि का नसावा?

मग जो तो विचारू लागला, माल धक्क्यावर पोचला, पुढे काय? कृष्णनाथने दुसरा भाग काढायला घेतला, 'धक्का ते बंदर'. यात ट्रक नाहीत, खनिज वाहणाऱ्या सपाट बोटी, बार्जी. धक्क्यावर भरायच्या, नदीतून खाली न्यायच्या, अरुंद मुखातून बाहेर काढायच्या, आणि रिकाम्या करून परत आणायच्या. सुमंगलाबायने जाहिरात छापली, "चतुर्थीच्या आदल्या दिवशी, नक्की", आणि डिचोलीपासून पेडण्यापर्यंत प्रत्येक बसस्टँडवर चिकटवली. सार्वजनिक गणपतीवाल्यांनी मांडवात स्पर्धाही जाहीर करून टाकली.

खेळ तपासायला माणसंही पारखून घेतलेली. त्यांचा म्होरक्या शंभू तांडेल. तीस वर्षं याने बार्ज चालवली, नदीचं वळण न् वळण याला तोंडपाठ. पावसात दर्या बंद, बार्जी धक्क्याला बांधलेल्या आणि तांडेल घरी बसून कंटाळलेले. त्यांनी छापखान्यातल्या मेजावर साठ डाव खेळून काढले. साठही डाव कसे गुळगुळीत झाले. "पाण्यावर घातला तर तरंगेल," तांडेल म्हणाला. त्याच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात पेडण्याला ठरलं होतं आणि पत्रिका अर्थातच इथे छापायच्या होत्या.

चतुर्थीला नऊ दिवस राहिले असताना एका दुपारी चौथा गडी आला नाही. रंजना तिथेच डबे चिकटवत होती. ही खानापूरकडची, नवरा इमारतीच्या कामावर, बोलायला कमी आणि हाताला जलद. सुमंगलाबाय म्हणाली, "बस गो तू, जागा भर." रंजना बसली. दहा-बारा चाली तिने मुकाट्याने केल्या, मग आपली रिकामी बार्ज उचलली आणि नदीच्या मुखात, भरल्या बार्जीच्या बरोबर पुढे नेऊन ठेवली.

"आता?" ती म्हणाली.

आता काय, कप्पाळ. एकही बार्ज बाहेर जाईना, एकही आत येईना. रंजनाला तिथून हलायचं काही कारण नव्हतं आणि तिला हलवायचा कुठला नियम नव्हता. सहा फेऱ्या झाल्या, कुणी जिंकेना, कुणी हरेना. डाव जागच्या जागी थिजला.

शंभू तांडेल लालबुंद. "अगो बाय, भरल्या बार्जीच्या आड रिकामी कधी येत नाही. रिकामीने बाजूला व्हायचं. नदीची रीत आहे ती."

"कुठं लिवलंय?" रंजनाने विचारलं.

कृष्णनाथने नियमांचा कागद वरून खाली वाचला, उलटून कोंकणीतून वाचला. कुठेच लिहिलेलं नव्हतं. साठ डाव ही नदीवरची माणसं कागदावर नसलेला नियम पाळत आली होती, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की जगात सगळेच सारमानसला जन्मलेले नसतात. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

तांडेल म्हणाला, "चिठ्ठी छाप आणि डब्यात टाक, रिकामीने आड येऊ नये. झालं." कृष्णनाथने तसं करूनही पाहिलं. रंजना पुन्हा खेळली आणि जांभई देत म्हणाली, "अक्का, मग निस्तं पुढं ढकलत जायचं. डोकं कुठं लावायचं?" आणि तिचं खरं होतं. अडवायची सोय गेली आणि खेळातला जीवच गेला.

सुमंगलाबाय भावावर उखडली. "ते मला सांगू नकोस. चतुर्थी म्हटलंय म्हणजे चतुर्थी. माझा शब्द आहे."

कृष्णनाथ एवढंच म्हणाला, "पत्रिकेचं वेगळं, सुमा. लग्न ठरल्या दिवशीच लागणार. खेळाला मुहूर्त कुठे असतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी छापखाना उघडला तर मेजावर छापून तयार नियमांची चळत. ती समोर बसली आणि तिच्या डोळ्यांपुढे एकेक घर येऊ लागलं. आरती होणार, डबा उघडणार, आणि दुसऱ्याच डावात घाटावरून आलेली कुणीतरी शहाणी सून मुखात बार्ज आडवी घालणार. मग भांडण. आधीच भाषेवरून दुरावलेली माणसं आता बार्जीवरून दुरावणार, डबा माळ्यावर जाणार, आणि वर्षानुवर्षं म्हणणार, केणींनी काहीतरी छापलं होतं बुवा. उशिराचा बोल चार दिवसांनी विरतो, पण वाईट मालाचा बोल डब्यावरच्या नावासकट घरात राहतो.

तिने कागदाच्या पट्ट्या छापल्या, "खेळ अजून तयार नाही. झाल्यावर मिळेल." खळीचा डबा काखेत मारला आणि स्वतःच्याच जाहिरातींवर स्वतः चिकटवत सुटली. दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं तर चाललं असतं, पण मोडायचा शब्द आपला तर मोडायलाही आपणच जावं, असा तिचा हिशेब. बाजार काय सोडतो? "बाय, आता खेळ शिगम्याला का?" "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" स्पर्धावाल्यांनी कपाळाला हात लावला. तिने सगळं ऐकून घेतलं.

ऐकवलं नाही ते शंभू तांडेलचं. तो छापखान्याच्या दारात उभा राहिला, आतही आला नाही. "माझ्या साठ डावांपेक्षा तुला ती डबे चिकटवणारी भारी झाली. बरं. तुझ्या शब्दाची किंमत कळली. पोरीच्या पत्रिका मी म्हापशाला छापून घेतो."

तो गेला आणि सुमंगलाबाय टाइपाच्या खणांमागे जाऊन रडली. त्या मुलीच्या बारशाची पत्रिका तिने छापली होती.

चतुर्थी आली. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधली, गणपती बसले, पै-पाहुणे आले, आणि प्रत्येकाने दारातूनच विचारलं, "दुसरा भाग?" प्रत्येकाला ती म्हणाली, "नाही झाला." कृष्णनाथ पटापुढे एकटाच बार्जी सरकवत बसे आणि मान हलवत उठे. पाचव्या दिवशी विसर्जन. नदीच्या पायरीवर गणपती पाण्यात गेले, फुलं, दुर्वा, शहाळ्याच्या कवट्या वाहत दूर गेल्या. मंडळी पायरीवर खिरापत वाटत थांबली. सुमंगलाबाय पाण्याकडे बघत होती. बघता बघता पाणी वळलं, आणि गेलेल्या कवट्या हळूहळू उलट्या येऊन पायरीला लागल्या. मधे एक जड ओंडका अडकला होता, तो मात्र होता तिथेच.

"दादा," ती म्हणाली, "भरती लागली की रिकामी बार्ज मुखात आडवी राहील?"

कृष्णनाथच्या हातातली खिरापत हातातच राहिली. "नाही राहणार," तो म्हणाला. "पाणी तिला उचलून मागे आणील. भरलेली तेवढी राहील." आणि साठीचा तो गृहस्थ ओल्या धोतराने घराकडे पळत सुटला.

नियम एका ओळीचा झाला. दर पाचव्या फेरीला भरती, आणि भरतीला मुखातली रिकामी बार्ज थेट धक्क्यावर परत. अडवायचं तर अडवा, पण पाणी वळेपर्यंतच. मग सुमंगलाबायने रंजनाला डबे चिकटवण्यातून मोकळं केलं आणि सांगितलं, "तुझं काम आता एकच. हे मोडून दाखव." रंजनाने पाच दिवस जंग जंग पछाडलं. दोन बार्जी आडव्या घातल्या, तीन घातल्या, भरतीच्या तोंडावर घातल्या. चतुर्थीपासून दहाव्या दिवशी दुपारी तिने हात पुसले. "न्हाई मोडत, अक्का," ती म्हणाली, आणि सुमंगलाबायने छपाईचं यंत्र चालू केलं.

डिचोलीतला तो सार्वजनिक गणपती अकरा दिवसांचा, हे नशीब. अकराव्या दिवशी स्पर्धा झाली. चतुर्थीला आलेले पाहुणे केव्हाच परतले होते, पण बाजार होता तिथे होता आणि सगळा मांडवात लोटला होता, काही खेळायला, बरेचसे फजिती बघायला. शंभू तांडेलही आला. "बघायला आलोय," म्हणाला, आणि बघता बघता अंतिम डावाला जाऊन बसला. समोर रंजना, बाकीचे दोघे गडी आधीच मागे पडलेले.

रंजनाच्या दोन भरल्या बार्जी मुखाच्या तोंडाशी पोचलेल्या, तांडेलच्या दोन बऱ्याच मागे. जवळ होती ती एक रिकामी. तांडेलने पटाकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, पुन्हा पटाकडे पाहिलं. मग त्या तीस वर्षांच्या तांडेलने ती रिकामी बार्ज उचलली आणि भरल्या बार्जीच्या आड नेऊन ठेवली.

मांडव असा हसला की आरतीची घंटा ऐकू येईना.

"तांडेल," रंजना म्हणाली, "रीत?"

"रीत नदीत," तांडेल म्हणाला. "तू चाल कर."

आणि खेळ थांबला नाही, बरं का. तांडेलच्या भरल्या बार्जी पुढे सरकू लागल्या, रंजनाने त्यांना वाटेत गाठायला आपल्या रिकाम्या पाठवल्या, लोक चाली मोजू लागले. भाषेवरून न बोलणारे दोन दुकानदार एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून वाकून बघत होते. पाचवी फेरी आली, भरती लागली, तांडेलची रिकामी धक्क्यावर परत गेली, मुख मोकळं झालं, आणि एका घराच्या फरकाने रंजनाची बार्ज आधी बाहेर पडली. मांडव उठून उभा राहिला. सुमंगलाबाय खांबाला टेकून उभी होती. तिचं ऊर भरून आलं आणि ते तिने लपवलंही नाही.

डब्यांसाठी रांग लागली ती मांडवाबाहेर गेली. रांग सोडून शंभू तांडेल सरळ तिच्यापाशी आला. हरलेला माणूस इतका खूश तिने पाहिला नव्हता. त्याने सदऱ्याच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढून तिच्या हातात दिला. मुलीच्या लग्नाचा मजकूर.

"म्हापशाला गेला नाहीत?"

"गेलो होतो. तिथला छापखानेवाला म्हणाला उद्याच देतो. कागद वाचलासुद्धा नाही त्याने." तांडेल खाली बघत म्हणाला. "तुझ्याकडेच छाप, बाय. सावकाश छाप."

सुमंगलाबायने कागद उलगडला, तिथेच उभ्याने दोनदा वाचला, आणि व्याह्यांच्या नावातली एक चूक बोटाने दाखवली. मग घडी घालून कमरेला खोवला.

"परवा दहाला," ती म्हणाली.

"आणि साडेदहाला आलो तर?"

"तर ऐकून घ्याल."