डोलकाठीवरचे दृश्य

चित्रपटाचा पहिला भाग लोकांनी डोक्यावर घेतला होता. डोक्यावर घेतलेली वस्तू लोक खाली ठेवत नाहीत, आपटतात, हे दिग्दर्शक अनुभवाने जाणून होता. म्हणून दुसरा भाग प्रदर्शित करण्यापूर्वी त्याने चाचणीचा एक खेळ लावला. रस्त्यावरून येतील त्या माणसांना फुकट आत घेतले आणि स्वतः मागच्या रांगेत जाऊन बसला. त्याच्या शेजारी तलवारबाजीचे उस्ताद होते, आणि पलीकडे त्यांची बायको.

उस्तादांचा जीव एकाच दृश्यात अडकला होता. दर्यावर्दी नायक गलबताच्या डोलकाठीवर चढून एकटा तिघांशी लढतो, ते दृश्य. नायकाचा अंगरखा घालून पाठमोरा लढणारा मात्र नायक नव्हता, उस्तादांचा मुलगा होता. त्याची झेप पाहून सारे त्याला पाखरू म्हणत. हे चित्रण पहिल्या भागाच्या अखेरीस झाले होते. लांबी वाढते म्हणून ते वगळले गेले आणि डब्यात पडून राहिले. चित्रपट लागला, गाजला, आणि तो गाजत असतानाच मुलगा गेला. दुखणे आतल्या आत पोखरत होते. डॉक्टरांना ते सापडले तेव्हा सांगण्यापलीकडे त्यांच्या हातात काही उरले नव्हते.

दुसऱ्या भागासाठी उस्तादांनी नवा डुप्लिकेट तयार केला. तक्रारीला जागा ठेवली नाही. मागणे एकच मागितले: डब्यातले ते दृश्य या भागात जोडावे.

"सांधा दिसला तर?" दिग्दर्शकाने विचारले होते.

"पाय बघ," संकलनाच्या टेबलाशी बसून उस्ताद म्हणाले होते. "पाय जुळले की माणूस जुळला. दिसणार नाही, माझा शब्द."

ही त्यांची जन्मभराची रीत होती. तालमीच्या वेळी ते बुटक्या स्टुलावर बसत, शिष्यांच्या गुडघ्यांशी डोळे आणून. तलवार खोटे बोलू शकते, चेहरा तर बोलतोच. पाय खोटे बोलत नाहीत, असे त्यांचे म्हणणे असे. त्या स्टुलावरून त्यांनी कित्येक माणसे घडवली. मुलगाही तिथूनच घडवला.

"ठीक आहे, जोडतो," दिग्दर्शक म्हणाला होता. "पण लोकांनी नाकारलं तर माझा इलाज नाही."

दिवे मालवले. प्रेक्षक निर्दय असतो असे म्हणण्याची चाल आहे, आणि ती चुकीची आहे. निर्दयपणाला हेतू लागतो. प्रेक्षकाला हेतू नसतो, फक्त डोळे असतात, आणि अंधारात त्याची जीभ मोकळी सुटते. नायक पडद्यावर येताच पुढच्या रांगेतून आवाज आला, "सरदारकी मिळाली आणि पोट सुटलं की रे याचं."

"समुद्रात याला एवढं वाढतं कोण?" दुसरा म्हणाला.

पिकलेला हशा ओसरला. लढाया चांगल्या वठल्या होत्या, लोक गप्प होत होते. मग वादळ आले, शीड फाटले, आणि अंगरख्यातली पाठमोरी आकृती डोलकाठीवर चढू लागली. उस्तादांनी सवयीने नजर पायांवर रोवली. टाच, चवडा, टाच. केसभरही चूक नव्हती.

"आयला, एवढ्यात वाळला कसा हा?"

"चढता चढता पोट झडलं."

सगळे सभागृह हसले. त्या हसण्यातच एक बाई शेजारणीला अगदी सहज म्हणाली, "अंगरखा बघ ना, खांद्यावरून कसा लोंबतोय. आजारी माणसाला घातल्यासारखा."

उस्तादांनी नजर वर उचलली.

खांद्याची हाडे कापडातून वर आली होती. मान काडीसारखी झाली होती. कमरपट्ट्याचे टोक वेढा घेऊन पुन्हा पाठीशी खोचलेले होते. आणि त्या दिवसांतले बायकोचे बोलणे त्यांना शब्दन् शब्द ऐकू आले: "अहो, पोरगा जेवत नाही." त्यावर ते म्हणाले होते, "हलका झालाय. म्हणून तर उडी अशी जाते." आणि मुलगा हसला होता. बापाच्या तोंडून कौतुक त्याला क्वचितच मिळे.

खेळ संपल्यावर दिग्दर्शकाने उभे राहून लोकांची मते विचारली. मते भरपूर निघाली.

"पहिल्याची सर नाही. तेव्हा जीव मुठीत धरून बसलो होतो, आज घड्याळ."

"लढाया झकास. बाकी पाणी घालून वाढवलंय."

"आणि ती डोलकाठी काढा हो. मध्येच कुणीतरी दुसराच आणून उभा केलाय."

त्यावर माना डोलल्या, आणि माणसे पांगली. रिकाम्या खुर्च्यांत तिघेच उरले.

"उस्ताद," दिग्दर्शक हळू म्हणाला, "पाखराचं दृश्य मी ठेवतो. हसले तर हसले."

"काढ. सांधा दिसणार नाही असा शब्द दिला होता मी. दिसला."

"सांध्याचं राहू द्या," बायको म्हणाली. खेळ सुरू झाल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. "तुम्हाला पोरगा दिसला का?"

"दिसला."

"कधी?"

"आत्ता."

"लोकांनी दाखवल्यावर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर उस्तादांना सोपे गेले असते. मग ती दिग्दर्शकाकडे वळली. "बाळा, काढायचं ते काढ. पण आधी एकदा लाव, यांच्यासाठी. हसायला कुणी नसताना."

दृश्य पुन्हा लागले. उस्तादांनी या खेपेस पायांकडे पाहिले नाही. मनगटे पाहिली, कोपरे पाहिली, श्वासागणिक उचलली जाणारी पाठ पाहिली. तिसरा शत्रू समुद्रात कोसळल्यावर आकृतीने डोलकाठीला मिठी मारली आणि कपाळ लाकडाला टेकवून ती तशीच राहिली. हे त्यांनी शिकवलेले नव्हते. त्या दिवशी त्यांना तो अभिनय वाटला होता, आणि तो लांबतो म्हणून त्यांनी खालून ओरडून मुलाला उतरायला सांगितले होते.

पडदा पांढरा झाला.

"मग काढू ना?" दिग्दर्शकाने विचारले.

"काढ," उस्ताद म्हणाले. त्यांचा हात पुढच्या खुर्चीची पाठ धरून होता. "पण आत्ता पुन्हा लाव."

बायको उठली आणि पदर सावरत दाराकडे निघाली. तिला पुन्हा पाहण्याची गरज नव्हती. तिचे ते सारे तेव्हाच पाहून झाले होते. बाहेरच्या पायरीवर ती उस्तादांची वाट पाहत बसली. आतून वादळाचा आवाज येई, थांबे, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होई.