सातवा रकाना

उर्जाच्या अभिनयाची सुरुवात गाईच्या मागच्या पायांपासून झाली. आईशप्पथ, खोटं नाही. आयर्लंडमधल्या लिमरिक गावात, चर्चशेजारच्या हॉलमध्ये, ख्रिसमसच्या नाटकात सहा वर्षांच्या उर्जाला गाईच्या कातड्यात वाकून उभं केलं होतं, आणि पुढच्या पायांत जी पोरगी होती तिने दुपारी चांगले वाटीभर बीन्स खाल्ले होते. सांगलीहून आजीने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "यातली आपली कुठली गं?" तर उर्जाच्या आईने, नीताने, मोठ्या अभिमानाने सांगितलं, "मागचे पाय, आई." आजी म्हणाली, "हां हां. शेपूट छान हलवतेय."

तिथून जी गाडी सुटली ती सुटलीच. मिसेस हॅनराहन नावाची सत्तरीची एक बाई दर शनिवारी नाटक शिकवायची. मागच्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणायची, तिकडे एक बहिरा म्हातारा बसलाय, त्याला ऐकू गेलं पाहिजे, पण ओरडायचं नाही, बहिऱ्यालाही अपमान कळतो. नवव्या वर्षी उर्जाला फेशमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धेसारखं तिकडे जे असतं त्यात, चांदीचं मेडल मिळालं. अकराव्या वर्षी लोकल रेडिओवर ब्रेडची जाहिरात. वाक्य एकच: "मॅम, इज देअर एनी मोर?" पण बसमधली पोरं तिला बघितलं की तेच ओरडायची. म्हणजे फेमसच की!

जन्म लिमरिकचा, पासपोर्ट आयर्लंडचा, शिव्या पण तिकडच्याच. घरात तेवढं मराठी.

मग ती तेरा वर्षांची असताना बाबांना, म्हणजे दत्ता पटवर्धनांना, इंगोलश्टाटला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि सगळं बिऱ्हाड जर्मनीत आलं. जर्मन तिने वर्षभरात उचललं, भांडून भांडून. घोळ झाला तो इंग्लिशमध्ये! लिमरिकमध्ये 'थ्री'ला 'ट्री' म्हणतात. सगळं गाव म्हणतं. पेन आत्ताच हरवलं असेल तर "आय'म आफ्टर लूझिंग माय पेन" म्हणतात. इथल्या इंग्लिशच्या बाईंनी त्याच्यावर लाल रेघ मारली आणि भर वर्गात विचारलं, "आफ्टर? कशाच्या आफ्टर?" पोरं फिदीफिदी हसली. इथे एक म्हणजे झकास आणि चार म्हणजे काठावर पास, आणि उर्जाला इंग्लिशमध्ये चार मिळाले. तिला! जी झोपेत इंग्लिश बडबडते तिला! तिने उभं राहून सांगितलं, "तुमचं इंग्लिश ऐकून आमच्याकडची गाय पण हसेल." घरी पत्र आलं. मग दुसरं आलं. तिसरं यायच्या आत उर्जाने दहावी सोडली.

आई दोन दिवस जेवली नाही. फोनवर सांगलीला काय सांगायचं? "नापास झाली नाही हो, सोडली," असं सांगितलं तर ते जास्तच वाईट वाटायचं.

आता उर्जा अठराची होती आणि स्टेशनजवळच्या बेकरीत ब्रेट्झन, म्हणजे इथले ते वेटोळे खारे पाव, विकत होती. तेव्हा ती जाहिरात दिसली. शाळेची पुस्तकं काढणारी एक कंपनी सातवीच्या इंग्लिशच्या पुस्तकासाठी आवाज शोधत होती. धड्यात ईफा नावाची आयरिश मुलगी आहे, तिचा. उर्जाने आईच्या कपाटात, साड्यांच्या मध्ये बसून मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड केली, कारण घरात तेवढी एकच जागा आवाज न घुमणारी. तीन दिवसांनी मेल आला: हाच आवाज हवाय.

पहिलं खरं काम. पण खरी गंमत पुढे आहे. हे पुस्तक तिच्या जुन्या शाळेत लागणार होतं. ज्या बाईंनी चार दिले त्याच बाई वर्गात बटण दाबणार, उर्जाचा आवाज येणार, आणि बाई पोरांना म्हणणार, "नीट ऐका, असं बोलतात." उर्जाला जगात दुसरं काही नको होतं. रात्री पडल्या पडल्या ती बाईंचं तोंड डोळ्यांसमोर आणायची आणि उशीत हसायची.

मेलसोबत चार पानी फॉर्म होता. घरातले सगळे फॉर्म हे बाबांचं खातं. चष्मा, काळं पेन, पट्टी, आणि रविवारची सकाळ. या देशात आल्यापासून त्यांनी इतके फॉर्म भरले होते की एखादा सोपा आला तर ते हिरमुसायचे. त्यांनी रकाने भरले, उर्जाने मोबाइलमधून डोकं न काढता खाली सही ठोकली.

स्टुडिओ म्युनिकच्या अलीकडे उंटरश्लाइसहाइमला होता, एका ऑफिसच्या तळघरात. बाबांनी अर्ध्या दिवसाचा उरलाउब, म्हणजे रजा, टाकला आणि गाडीने घेऊन गेले. आईने थालीपिठाचा डबा दिला होता, जणू काही पोरगी सीमेवर चाललीय.

टोबी नावाच्या रेकॉर्डिंगवाल्याने तिला काचेमागे बसवलं, कानाला हेडफोन लावला. पुस्तकाच्या कंपनीतल्या बाई, फ्राऊ ब्रुकनर, त्याच्या शेजारी बसल्या. उर्जाने पहिलं पान वाचलं. ईफाला तीन भाऊ आहेत, एक कुत्रा आहे, शनिवारी ती समुद्रावर जाते. फ्राऊ ब्रुकनरनी डोळे मिटले.

"वुंडरबार! 'ट्री ब्रदर्स'! टोबी, ऐकलंस? ट्री! किती खरं वाटतं!"

उर्जाला वाटलं आत्ताच्या आत्ता हे रेकॉर्डिंग घेऊन शाळेत पळत जावं.

"आल्झो, फक्त कागद एकदा बघते आणि सुरू करू," फ्राऊ ब्रुकनर म्हणाल्या. पान उलटलं. बोट एका जागी थांबलं. "इथे मुटरश्प्राख मराठी लिहिलंय."

"हो. घरी बोलतो आम्ही."

"म्हणजे इंग्लिश तुमची मातृभाषा नाही."

"मी लिमरिकला जन्मले!"

"हो, ते रकाना चारमध्ये आहे."

"पासपोर्ट आयरिश आहे!"

"रकाना पाच."

"अहो, तुम्ही आत्ता ऐकलंत ना मला?"

"ऐकलं. फारच सुंदर." आणि बाईंना मनापासून वाईट वाटत होतं, हे तर आणखीनच डोक्यात जाणारं. "पण आमच्या नियमात मुटरश्प्राखलेरिनच पाहिजे, जिची ती मातृभाषा आहे अशीच. शाळांना आम्ही तसं छापून देतो. रकाना सात. काळजी करू नका, ईफासाठी आमच्याकडे लंडनची एक कलाकार आहे. ती आयरिश करते."

करते!

आयर्लंडमध्ये शाळेत पाचवी-सहावीपासून शिकवतात की बटाट्याचं पीक कुजलं आणि माणसं रस्त्यात मरत होती तेव्हा देशातलं धान्य जहाजात भरून इंग्लंडला कसं गेलं. उर्जाच्या वर्गातल्या भिंतीवर त्या जहाजाचं चित्र होतं. आणि आता लंडनची बाई येऊन आयरिश 'करणार', आणि लिमरिकच्या पोरीने रकाना सात बघत बसायचं!

"आणि तुमची फेरी फुकट नाही हं जाणार," फ्राऊ ब्रुकनर खुलल्या. "धडा सहा! प्रिया, मुंबईहून नवीन आलेली मुलगी. तुमच्यासाठीच जणू. फक्त थोडा आक्सेंट द्यायचा. असा..." आणि त्यांनी मान डावी-उजवीकडे डुगडुगवली. आवाजाच्या रेकॉर्डिंगला मान!

उर्जाने सगळ्या आयुष्यात भारतात मिळून अकरा आठवडे काढले होते, ते सांगलीत, त्यातले निम्मे पोट धरून. मुंबई म्हणजे तिच्यासाठी एअरपोर्टची रांग. तिने हेडफोन असा आदळला की टोबी पलीकडे दचकला.

बाहेरच्या खोलीत बाबा थालीपीठ खात होते.

"बाबा, मुटरश्प्राखमध्ये काय लिहिलंस तू?"

"मराठी. का गं?"

"कशाला?!"

"कशाला म्हणजे? मग काय लिहू, स्वाहिली?"

"इंग्लिश लिहायचं ना! माझा पार्ट गेला! तुझ्या त्या मराठीने गेला!"

"माझ्या?" बाबांनी घास खाली ठेवला. "तुझा पहिला शब्द काय होता माहितीय? 'पुरे'. मी वरणभात भरवत होतो. 'पुरे' म्हणालीस आणि वाटी उडवलीस माझ्या अंगावर. इंग्लिशमध्ये नव्हती उडवलीस."

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं होतं. तू 'हं हं' म्हणालीस. सही कोणाची आहे खाली?"

सही तिचीच होती. त्यामुळे ती आणखी चिडली. चूक आपली निघाली की राग दुप्पट होतो, हा तिचा जन्माचा स्वभाव.

तेवढ्यात फ्राऊ ब्रुकनर फॉर्म घेऊन बाहेर आल्या. चेहरा एकदम उजळलेला. "हेर पाटवार्धान, गान्झ आइनफाख, एकदम सोपं! हे खोडा, वर 'इंग्लिश' लिहा, बाजूला सही. झालं. मग ईफा तिचीच."

"दोन्ही लिहू ना," उर्जा म्हणाली. "दोन्ही खरंय."

"कॉम्प्युटर एकच घेतो."

"मग कॉम्प्युटरला सांगा की—"

"उर्जा," बाबा म्हणाले. "गप."

त्यांनी खिशातून काळं पेन काढलं. पट्टी नव्हती, म्हणून पाकिटातून बँकेचं कार्ड काढून शब्दाखाली धरलं, आणि 'मराठी'वर एक रेघ मारली. ड्रॉइंगमध्ये मारतात तशी, सरळ, एका दमात. वर 'इंग्लिश' लिहिलं, तारीख टाकली. त्यांचे कान लाल झाले होते.

"कर सही."

"तू एवढ्या आरामात कसा काय..."

"पार्ट पाहिजे ना तुला? कागद आहे तो."

"मग कार्ड कशाला लावलंस?"

"वाकडी मारली की खाडाखोड वाटते."

त्यापेक्षा बाबा खेकसले असते तर परवडलं असतं. उर्जाला वाटलं, हा फॉर्म टरकावून बाईंच्या कॉफीत बुडवावा. मग तिला बटण दाबणाऱ्या शाळेतल्या बाई दिसल्या. तिने सही केली. पेन कागदाच्या पार झालं.

काचेमागे तिने पहिलं वाक्य म्हटलं आणि टोबीने थांबवलं. "आवाजात राग येतोय. ईफा खूश आहे. समुद्रावर चाललीय."

खूश! फ्राऊ ब्रुकनरनी बाबांनाही आत बोलावून काचेपलीकडे बसवलं होतं. मांडीवर डबा, पाठ ताठ, दाताच्या डॉक्टरकडे बसतात तसे. उर्जाने श्वास घेतला, सगळा राग गिळला, आणि ईफा समुद्रावर गेली. काय गेली! कुत्रा पाण्यात पळाला, भावांनी सँडविचमध्ये वाळू घातली, आणि उर्जाच्या आवाजाला ऊन लागल्यासारखं झालं. अकरा पानं. प्रत्येक 'ट्री'ला फ्राऊ ब्रुकनर टाळी वाजवत होत्या. आणि सगळ्यात संताप कशाचा, तर मजा येत होती.

दीड वाजता संपलं. ती जॅकेट घालत होती.

"आता आलातच, तर प्रिया पण करून टाका," फ्राऊ ब्रुकनर म्हणाल्या. "वीस मिनिटं."

"प्रियाची मातृभाषा काय?"

"मुंबई... मराठी वगैरे असेल ना?"

"मग मला नाही चालणार. मी मुटरश्प्राखलेरिन नाही. रकाना सात बघा."

टोबी हसला. बाई हसल्या नाहीत, त्या खरोखरच विचारात पडल्या, आणि मग त्यांनी ड्रॉवर उघडला. "गेनाऊ, बरोबर! प्रियासाठी वेगळा फॉर्म करू. त्यात मराठी." बाबांचा हात आपोआप पेनकडे गेला.

"नको बाबा." उर्जाने पेनवर हात ठेवला. "सकाळी खोडायचं, दुपारी लिहायचं? आपण काय यांचा फळा आहोत?"

"ठीक आहे, जबरदस्ती नाही," फ्राऊ ब्रुकनरनी फॉर्म परत आत टाकला. "लंडनच्या कलाकाराला सांगते. ती इंडियनही करते."

उर्जा दारात थांबली. बाबांनी डब्याचं झाकण लावता लावता मान वर केली. उर्जाच्या डोळ्यांसमोर ती डुगडुगणारी मान आली, आणि तेवढ्यात बाबा मराठीत, अगदी हळू, म्हणाले, "ही बाई काय काय करते गं?"

उर्जाने जॅकेट खुर्चीवर फेकलं. फॉर्म मागून घेतला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः भरला. खिळे ठोकल्यासारखं अक्षर, रेघेच्या वर-खाली. सातव्या रकान्यात 'मराठी' मावेना, तर शेवटचं अक्षर शेजारच्या रकान्यात घुसलं. घुसू दे.

प्रियाचं पान तिने एकदा वाचलं आणि आईचा आवाज काढला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये आई बोलते तसा: भरभर, टोकदार, एकाही शब्दाची माफी न मागणारा. "माय नेम इज प्रिया. आय केम फ्रॉम मुंबई इन मार्च." मान सरळ. पलीकडे बाबांनी झटकन समोर बघितलं, नीता आत आली की काय असं.

"छान," फ्राऊ ब्रुकनर माइकवर म्हणाल्या, "पण अजून थोडं... इंडियन?"

"नाइन, अजिबात नाही," उर्जा म्हणाली. "भारतातली बाई अशीच बोलते. माझ्या घरात बोलते. हे घ्या, नाहीतर लंडनला फोन लावा."

फ्राऊ ब्रुकनरनी टोबीकडे बघितलं. टोबीने घड्याळाकडे बघितलं आणि बटण दाबलं.

"पुढचं वाक्य," तो म्हणाला.