चौकटीत आली तेवढी चार बोटं

मी नव्वदची लेन्स बोलते. नव्वद हा माझ्या कपाळावर कोरलेला आकडा. देगलूरच्या बसवराजआप्पाच्या फोटोच्या दुकानात माझ्या दोन बहिणी आहेत, पस्तीसची आणि पन्नासची. पस्तीसचीचं पोट मोठं, दारातल्या शेळीसकट अख्खं घर सामावून घेते. पन्नासची मधली, जेवढ्यास तेवढी. मी दोघा-तिघांना जवळ ओढते आणि बाकीच्यांना बाहेर ठेवते. जन्माची खोड माझी.

आमच्या कॅमेऱ्याची एक रीत आहे. आप्पा माझ्यातून बघत नाही. त्याला बघायला वर कोपऱ्यात वेगळी खिडकी. तिच्यात सगळे दिसतात, आणि आत पांढऱ्या रेघेची चौकट. लेन्स बदलली की चौकट लहान-मोठी होते. रेघेबाहेरचा माणूस आप्पाला दिसतो, मला नाही. समोरच्याला मात्र वाटतं, आप्पानं पाहिलं म्हणजे आपण आलो.

दोन सालांमागं पंचफुलाबाईनं आप्पाला घरी बोलावलं. म्हातारी थकली होती. "मोबाईलमधलं पोरं पुसत्यात. मला भिंतीवरचा पायजे," म्हणाली, "अन् शीला माज्या बाजूला पायजे."

शीला तिची लेक, नवऱ्यानं टाकलेली. तीन वर्षं आईचं हगणं-मुतणं तिनंच काढलेलं. आईबरोबर तिचा एकही फोटो नव्हता. लग्नातले होते, ते नवऱ्यानं चुलीत घातले. त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून आली, तर भाऊ उमाशंकर बोललाच, "नवरी व्हायलीस का गं परत?"

आप्पानं पस्तीसची लावली होती. उमाशंकर त्याच्या कानाशी आला.

"आप्पा, तिला सोडून काढा. माज्या मंजुश्रीचं जमवायलोय, पाव्हण्यायला ह्योच फोटो दावायचाय. टाकलेली आत्या दिसली की पोरगी घरातच ऱ्हाती माझी."

"मग सांगा की तिला, बाजूला हो म्हणून."

"म्हातारी बोंबलंल. तुमीच काय तरी करा."

आप्पा हसला. "त्यात काय, लेन्स बदलतो." पस्तीसची काढली, मला चढवलं.

खुर्चीत म्हातारी, एका अंगाला उमाशंकर आणि मंजुश्री, दुसऱ्या अंगाला हातभर लांब शीला.

"शीलाताई, हालू नका. हां, झकास. जरा हासा की."

ती हसली असावी. तिचं हसू बघूनच आप्पानं बटण दाबलं.

दीड महिन्यानं म्हातारी गेली. फोटो मोठा होऊन भिंतीवर चढला, हार पडला. म्हातारीच्या खांद्यावर चार बोटं तेवढी आली होती. शेजारीण म्हणाली, "ही कुणाची बोटं गं?" मंजुश्री फिसकन हसली. "भुताची."

हे मला कळलं ते शीलाच्याच तोंडून. चार दिवसांनी ती दुकानात आली. मी टोपण लावून टेबलावर पडले होते.

"आप्पा, माझा तुकडा द्या."

"कोणचा तुकडा?"

"तुमी कात्रीनं कापलेला. मी हासले होते त्यो. तुमी बघितलं की मला."

बाई, तू फिल्मवर उतरलीच नाहीस, एवढं सांगायला त्याची जीभ रेटेना. "कचऱ्यात गेला," म्हणाला.

"कोणच्या कचऱ्यात?"

"हे काय, मागं."

दुकानामागच्या उकिरड्यावर ती दुपारभर कागद उलटत बसली. खसखस माझ्या कानावर येत होती. आप्पानं चहा मागवला, पिला, गिऱ्हाईक केलं. उन्हं कलली तेव्हा आवाज थांबला.

मंजुश्रीचं निलंग्यात जमलं. तोच फोटो दाखवून.

आता माझ्या काचेत बुरशी चढली आहे. आप्पा मला डब्यातून काढत नाही. उद्या कुणाच्या हाती गेले तर त्याला एवढंच सांगणं: बाबा, मला चढवायच्या आधी समोरची माणसं मोज. मावत नसतील तर दोन पावलं मागं सरक. मागं भिंत लागली तर माझ्या पस्तीसच्या बहिणीला हाक मार.

शीलाचं तोंड मी अजून पाहिलेलं नाही. काळी का गोरी, मला विचारू नका. बोटं तेवढी सांगते: चार, करंगळीवर भाजल्याचा डाग, आणि म्हातारीचा खांदा घट्ट धरलेली.