कोपऱ्यातला आकडा

"ते जांभळं गाठोडं तसंच खाली द्या. उघडू नका," तोयोको-सान म्हणाल्या.

आता मला 'उघडू नका' म्हणून सांगणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं.

"का हो? साप आहे का आत?"

"मित्सुयो-सान, रद्दीची गाडी खाली उभी आहे. बडबड कमी करा आणि उचला."

तोत्तोरी शहराच्या नगरभवनातली आमची माडीवरची खोली त्या दिवशी रिकामी होत होती. ज्यांना बारीक छापील अक्षर दिसत नाही अशा मुलांसाठी शाळेची पुस्तकं मोठ्या अक्षरांत हाताने लिहून काढणारं आमचं मंडळ बंद झालं होतं. हल्ली प्रकाशकच मोठी पुस्तकं छापतात. पडद्यावर दोन बोटं फिरवली की अक्षर हवं तेवढं फुगतं. चांगलंच झालं की! आम्हाला वाईट वाटतं म्हणून काय मुलांनी आमच्या पेनाची वाट बघत बसायचं? तरी सकाळपासून मी एकच फळी तीनदा पुसली, हे कबूल करते.

माझं कागद-पेनांचं दुकान. तोयोको-सान तिथे जाड काळी पेनं घ्यायला यायच्या. एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेली बाई. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, पण अक्षर असं की लोक लग्नाची पाकिटं त्यांच्याकडून लिहून न्यायचे. मंडळात आल्या तेव्हा पहिल्याच दिवशी आमच्या प्रमुख बाईंनी त्यांचा कागद परत केला. "फार सुंदर आहे. आम्हाला सुंदर नको, उघडं अक्षर हवं. प्रत्येक रेघ कुठे सुरू झाली, कुठे संपली ते मुलाला कळलं पाहिजे." साठाव्या वर्षी त्या बाईने आपलं सुंदर अक्षर मोडलं. गिरवून गिरवून पोरासारखं केलं. त्यासाठी हिंमत लागते हो.

त्यांच्या वाट्याला आली मिनोरी. चौथीतली, बारकी, केस कापलेली. वाचताना नाक कागदाला टेकायचं. तिचं गणिताचं एक पुस्तक आमच्या हातून उतरलं की अकरा भाग व्हायचे. कागद पिवळसर, कारण पांढऱ्याने तिचे डोळे दिपायचे. चित्रांच्या कडा जाड. तोयोको-सान तर त्या पोरीसाठी जेवणसुद्धा विसरायच्या.

ऑक्टोबरात शाळेत पालकांनी वर्ग बघायचा दिवस होता. मिनोरीच्या आईने आम्हा दोघींनाही बोलावलं. आम्ही चांगल्यातले कपडे घालून वर्गात मागे उभ्या राहिलो. मास्तर म्हणाले, "बेचाळिसावं पान उघडा."

तीस पुस्तकं फडफडली. मिनोरीने चौथा भाग काढला, नाक टेकवलं, पान उलटलं. पुन्हा उलटलं. मग पाचवा भाग काढला.

तोयोको-सानांनी माझं मनगट धरलं. "मित्सुयो-सान, मी मूळ पानांचे आकडे घातलेच नाहीत."

आमच्याकडे हा पहिला नियम. छापील एक पान आमच्याकडे चार पानांवर पसरतं, म्हणून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मूळ पुस्तकाचा आकडा हवाच. नाहीतर मास्तर 'बेचाळीस' म्हणतात आणि मूल रानात सोडल्यासारखं फिरत बसतं. अक्षराच्या नादात अकराही भागांतले आकडे राहिले होते, आणि तपासणारी कोण? मीच! सहा महिने ती पोर तशीच शोधत होती आणि कुणाकडे एक अक्षर बोलली नव्हती. त्या दिवशी तास संपेपर्यंत शोधत राहिली. मागे वळून एकदाही पाहिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी तोयोको-सान शाळेत गेल्या. "चार दिवस पुस्तकं द्या, आकडे घालून आणते." मास्तरांनी विचारून येऊन सांगितलं, "मिनोरी म्हणते नको. राहू द्या."

"तिने माझं पुस्तक टाकलं," तोयोको-सान मला म्हणाल्या. "बरोबरच केलं."

मार्चमध्ये तिच्या वडिलांची बदली झाली. आईने पुस्तकं जांभळ्या कापडात बांधून, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील म्हणून, नगरभवनाच्या पहारेकऱ्याकडे ठेवली. त्याच एप्रिलात पाठ्यपुस्तकं बदलली, त्यामुळे ती कुणालाच लागली नाहीत. गाठोडं सर्वांत वरच्या फळीवर गेलं. त्यानंतर तोयोको-सानांनी जेवढी पुस्तकं लिहिली, त्यांत आधी सगळ्या पानांचे आकडे घातले आणि मग पहिलं अक्षर काढलं. मिनोरीचं नाव मात्र पुन्हा घेतलं नाही.

आता त्या पंच्याऐंशीच्या. नजरेच्या मधोमध डाग आलाय. समोरच्या माणसाचा चेहरा पुसलेला दिसतो म्हणतात. मी गाठोड्याची गाठ सोडतेय हे त्यांना दिसलं नाही, पण ऐकू आलं.

"सोडलीत ना? तुमची मेली खोड काही जायची नाही."

मी वरचा भाग उघडला.

कोपऱ्यात शिसपेनीने आकडा होता. मोठा, वाकडा, दाबून काढलेला. पुढच्या पानावरही होता. त्याच्या पुढेही. कुठे चुकलेला खोडून पुन्हा लिहिलेला. पानाच्या मधोमध करडा डाग, जिथे नाक टेकायचं तिथे. अकराही भाग शेवटापर्यंत तसेच.

"काय झालं? बोला की!"

"आकडे आहेत, तोयोको-सान. पोरीने स्वतः घातलेत. शेजारच्या मुलाला पानापानाला विचारलं असणार. अहो, तिने पुस्तक टाकलं नव्हतं! चार दिवससुद्धा हातातून सोडायचं नव्हतं तिला."

त्यांनी हात पुढे केला. मी चौथा भाग शोधून, पान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मी पुसलंही नाही.

खालून गाडीवाला ओरडला, "आजी, अजून काही आहे का?"

"नाही! जा तू!" मी ओरडले.

तोयोको-सानांनी चष्मा काढला. मान कलती केली. डाग चुकवून डोळ्याच्या कडेने बघायची त्यांची हल्लीची सवय. मग वाकल्या, आणखी वाकल्या, नाक कागदाला टेकलं.

"बेचाळीस," त्यांनी वाचलं.