कापसाच्या खोलीतला रिले

ऐक ना बे, मधात बोलू नको, फक्त ऐक. धामणगाव बढ्याच्या आपल्या अर्पिताची गोष्ट होय. इंजिनिअरिंग करून घरी आली, नोकरीचे फॉर्म भरून राह्यली होती, आन् तेवढ्यात तिनं घरी टोर नावाच्या नेटवर्कचा रिले लावला. म्हंजे असं पाह्य, जगात कोणाले ओळख लपवून काही लिहाचं-वाचाचं असन, तर त्याचा मजकूर एकाच्या कॉम्प्युटरवरून दुसऱ्याच्या, तिथून तिसऱ्याच्या, असा फिरत जाते. मधातल्याले पूर्ण पत्ता कळतच नाई. हे मधातले कॉम्प्युटर लोकं फुकट चालवतात. त्यातला एक आपल्या धामणगावात!

आता हे मशीन ठेवाचं कुठं? इंटरनेटच्या फायबरचा डबा बैठकीत, आन् बैठकीत कापूस. बोंडअळीतून वाचला तेवढा तिच्या बापानं, किसनरावनं, भाव चढेपर्यंत घरातच भरला, पार खिडकीच्या वर. घरादाराले खाज सुटली, तरी हलवाचं नाव नाई. अर्पितानं कोपरा मागतला तवा तो एकच बोलला, "ठेव. पण माह्या कापसाले काही झालं, तर तुह्यं मशीन त्याच दिवशी बाहेर. मंग रडाचं नाई."

दोन महिने रिले असा पळाला का पोरगी चहाच्या आधी त्याच्या स्पीडचा ग्राफ पाहे. मंग एक दिवस ग्राफ धपकन खाली. तिनं मलकापूरच्या आसिमले फोन लावला. त्याचं कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान.

"फायबरवाल्याले शिव्या घाल," आसिम म्हणे.

"लाइन मोजली मी. फुल्ल आहे."

"मंग तूच कोठं लिमिट टाकून ठेवलं असन."

"सेटिंग तीनदा पाह्यली बे. मले येडी समजतं का?"

"नाई, इंजिनिअर समजतो. म्हणूनच इचारून राह्यलो."

तिनं रिले बंद करून चालू केला. पंधरा मिनिटं सुसाट, मंग पुन्हा लंगडा. आन् इथंच तिच्या ध्यानात आलं! लाइन खराब असती तर पह्यल्या मिनिटापासून खराब. सेटिंगचंही तसंच. पंधरा मिनिटांनी बिघडते ते काय? जे तापते ते! लॅपटॉपवरून मशीनचं तापमान पाह्यलं, तर सत्त्याण्णव डिग्री. जळू नये म्हणून मशीन सोताच हळू चालून राह्यलं होतं.

फोन कानाशी धरून पोरगी कापसाच्या गंजीवरून सरपटत कोपऱ्यात उतरली. मशीनच्या जाळीवर रुईचा असा थर, जशी गादीच भरली. पंखा जाम.

"सापडलं रे आसिम!" अशी ओरडली का त्याचा कान गेला असन. "दोन मिनिटांचं काम. ब्रश मारला का झालं!"

मंग तिनं मांगं हात टेकला. गंजी घसरून मशीनले भिडली होती. हात आत घातला, तर कापूस गरम. भाकरी गुंडाळलेल्या फडक्यावानी गरम.

तिनं हात बाहेर काढला. आसिमले सांगतलं.

"ब्रश मार, कापूस मांगं सरकव, आन् गप ऱ्हाय," तो म्हणे. "काकाले कायले सांगतं? काही झालं थोडीच! उगीच रिले जाईन तुह्या."

खरंच होतं ना बे. बाप आंगणात बैलाले पाणी पाजत होता, माय वावरात. कोणाले कळणार होतं? एकसष्ट दिवस चाललेला रिले. एकदा बरेच दिवस बंद पडला का पुन्हा शून्यापासून नेटवर्कचा भरोसा कमवा.

तिनं प्लग उपसला. मंग हाक मारली, "बाबा, जरा इकडं या."

किसनराव आला. कापसात कोपरापर्यंत हात घालून उभा राह्यला.

"कवा कळलं तुले?"

"आत्ताच."

त्यानं वायर काढली, हातावर नीट गुंडाळली आन् तिच्या हाती देल्ली. "मशीन बाहेर ने. कापूस इकला गेल्यावर ये कोपरा मागाले."

"येईन," ती म्हणे, डोये भरले तरी मान ताठ. "जाळी बसवून आणीन, बाबा. यापेक्षा जोरात पळवीन."

आता चार महिने झाले, कापूस अजून तिथंच आहे आन् मशीन माळ्यावर. आसिम आजही म्हणते, येडीच आहे. तू सांग बे खरं खरं, तू असता तर हाक मारली असती?